व्यापारी शिष्टाचार व पत्रव्यवहार

व्यापारी शिष्टाचार व पत्रव्यवहार : व्यापारधंद्यात परस्परांशी ओळख करून घेताना, बोलणी करताना, सौदा ठरविताना आणि त्यासंबंधी पत्रे लिहिताना पाळल्या जाणाऱ्या रूढ संकेतांस व्यापारी शिष्टाचार असे म्हणतात. मायना, नमस्कार, पानसुपारी, मुहूर्ताची खरेदी यांसारख्या बाह्य उपचारांचा त्यात समावेश होत असला, तरी या संकेतांचे मूळ प्रयोजन अधिक व्यावहारिक आहे. ज्यांच्यात नातेसंबंध नाही, जे पुष्कळदा दूरच्या गावी राहतात व ज्यांना माल किंवा पैसा हाती पडण्यापूर्वीच एकमेकांवर विश्वास ठेवावा लागतो, अशा व्यक्तींमध्ये व्यवहार शक्य व्हावा, हे ते प्रयोजन होय. कोणाच्या ओळखीने, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या खुणेने व्यवहार करावयाचा हे ठरलेले असले, म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने खात्री करून घ्यावी लागत नाही. तथापि हे संकेत ज्याला ठाऊक असतात त्यालाच त्यांचे संरक्षण लाभते. ज्याला ते ठाऊक नसतात, तो त्यांच्यामुळेच फसण्याचा संभव असतो. वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराच्या इतिहासात शिष्टाचाराच्या या दोन्ही बाजू स्पष्टपणे दिसून येतात.

पूर्वपीठिका : पत्रलेखनाचे नियम भारतात फार पूर्वीपासून सांगितलेले आढळतात. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील दहाव्या अध्यायात राजशासने कशी लिहावीत, याचे विवेचन आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य व स्पष्टत्व हे लेखाचे सहा गुण त्यात सांगितले असून अकांती (ओंगळ लेखन), व्याघात (पूर्वापर विरोध), पुनरुक्त, अपशब्द व संप्लव (मजकुराची चुकीच्या जागी केलेली विभागणी) हे पाच दोष मानले आहेत. हे नियम राजाच्या लेखकासाठी होते. परंतु व्यापारी पत्राचे गुणदोष आजही याहून फारसे निराळे सांगता येत नाहीत. कैरोजवळील फुस्तात येथील जुन्या प्रार्थनामंदिरात मिळालेल्या अकराव्या-बाराव्या शतकांतील पत्रांत एडन व भारताचा पश्चिम किनारा यांमधील व्यापाऱ्यांचा पत्रव्यवहार आहे. मालाचे भाव, जहाजांच्या वार्ता आणि देण्याघेण्याचा हिशेब यांच्या जोडीला या पत्रांत कुशलप्रश्न, आशीर्वचने व तिऱ्हाइतांविषयीचे अभिप्राय आढळतात. त्या काळी पत्र हे व्यापाऱ्याच्या लौकिकाचेही वाहन होते.

महाराष्ट्रात लेखनपद्धतीला वळण देण्याचे श्रेय परंपरेने देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत (तेरावे शतक) याला दिले जाते. लेखनविषयक ‘मेस्तक’ व मोडी लिपीचा प्रसार यांचा संबंध त्याच्याशी जोडतात. पुढील काळातील मराठी पत्रांत पत्र घेणाऱ्याचे वय, नाते, जात व अधिकार यांनुसार मायने ठरलेले असत. वडिलांस ‘तीर्थरूप’, वडीलधाऱ्यांस ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’, बरोबरीच्या प्रतिष्ठितांस ‘राजमान्य राजेश्री’ असे ते मायने होते. ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत असावे’ हा प्रारंभ आणि ‘बहुत काय लिहिणे, लोभ असू द्यावा’ हा समारोप यांच्यामध्ये मजकूर येई. पेढीवरील कामात एवढा विस्तार परवडत नसल्याने ‘रा. रा.’, ‘सा. न. वि. वि.’, ‘क. लो. अ.’, ‘ता. क.’ अशी संक्षिप्त रूपे रूढ झाली. मायना चुकणे हा केवळ भाषेचा दोष मानला जात नसे. लिहिणाऱ्याने समोरच्याची योग्यता कमी लेखली, असा त्याचा अर्थ घेतला जाई.

पेढी, पत व हुंडी : जुन्या व्यापाराचे केंद्र पेढी हे होते. मालक गादीवर बसे, मुनीम वह्या सांभाळी व पत्रे लिही, गुमास्ता परगावी मालकाच्या वतीने व्यवहार पाही. परका व्यापारी ओळखीच्या पेढीचे पत्र घेऊन आल्यासच त्याच्याशी उधारीचा व्यवहार होत असे. असे पत्र देणारा एका अर्थी आपली पत दुसऱ्याला उसनी देत असल्यामुळे ते मागणे व देणे ही दोन्ही नाजूक कामे समजली जात. दिवाळीतील वहीपूजन आणि हंगामातील मुहूर्ताची खरेदी हे प्रसंग व्यापाऱ्यांच्या परस्पर भेटीचे, थकलेली बाकी चुकविण्याचे व रुसवे मिटविण्याचेही असत.

विश्वासाचे हे संकेत हुंडीत सर्वांत अधिक काटेकोरपणे दिसून येतात. पाहताक्षणी पैसे द्यावयाची ती दर्शनी व ठरावीक मुदतीनंतर द्यावयाची ती मुदती हुंडी होय. हुंडीत रक्कम अंकी व अक्षरी लिहून शिवाय ‘निमे इतक्याचे दुप्पट’ अशी फोडही देत, त्यामुळे आकड्यात फेरफार करणे अवघड होई. हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ व तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून दिली जाई. ज्याच्यावर हुंडी काढली त्याने ती न स्वीकारल्यास त्याच गावातील एखाद्या स्नेह्याने काढणाऱ्याची अब्रू राखावी, यासाठी तिच्यासोबत ‘जिकरी चिठ्ठी’ देण्याचीही पद्धत होती. ‘शहाजोग’ हुंडीचे पैसे केवळ बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच दिले जात; त्यामुळे चोराच्या हाती पडूनही ती निरुपयोगी ठरे. याच शब्दावरून मराठीत वरकरणी सभ्य, पण आतून निराळा अशा माणसास ‘शहाजोग’ म्हटले जाऊ लागले. शब्दाच्या अर्थात झालेली ही घसरण बाजारातील अनुभवाची द्योतक मानता येईल. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतील अशा संलेखांविषयीच्या स्थानिक रूढी कायम ठेवण्यात आल्या.

पेढ्यांच्या लेखनातही धोके होते. मारवाडी व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीत स्वरचिन्हे बहुधा गाळली जात. त्यामुळे ‘काका अजमेर गये’ हा निरोप ‘काका आज मर गये’ असा वाचला जाऊन घरात रडारड झाल्याची विनोदी कथा सर्वत्र सांगितली जाते. झपाट्याने व थोडक्यात लिहिण्याचा संकेत वाचणाऱ्याला परिचित नसेल, तर संदेश पोहोचूनही अर्थ पोहोचत नाही, हे तात्पर्य तीत आहे.

वऱ्हाडातील कापसाचा व्यापार : वऱ्हाडचा कापूस मुंबईस नेण्याचा पद्धतशीर व्यापार विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ च्या सुमारास सुरू केला. १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापसाचा इंग्लंडला होणारा पुरवठा खंडित झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी आली. त्याच दशकात लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला, तर खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मुंबई व इंग्लंड ही सागरी तारेने जोडली गेली. अमरावतीच्या नावावरून लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. रॅली, फोल्कार्ट यांसारख्या परदेशी पेढ्यांनी वऱ्हाडात खरेदीकेंद्रे उघडली.

या बदलाबरोबर व्यापारी संपर्काचे स्वरूपही पालटले. पूर्वी पत्राला जेथे कित्येक दिवस लागत, तेथे तार काही तासांत पोहोचू लागली. तारेचे मोल शब्दांवर असल्याने कुशलप्रश्न व मायने गळाले आणि भाव, नग, मुदत एवढेच उरले. भाव गुप्त राहावा व शब्द वाचावेत, म्हणून सांकेतिक शब्दांचे कोश वापरात आले. १८७३ चा ‘एबीसी’ व १९०६ चा बेंटली यांचा हे जगभर चाललेले तारकोश होत. भारतातील सार्वजनिक तारसेवा १८५५ पासून २०१३ पर्यंत चालू होती. मापांविषयी स्पष्टता राखणे या दूरच्या व्यवहारात विशेष निकडीचे झाले. उदा., मुंबईच्या कापूस बाजारातील खंडी ७८४ पौंडांची, तर इतर पुष्कळ मालाची ५६० पौंडांची असे. नुसती ‘खंडी’ लिहिणाऱ्याचा सौदा वादात पडण्याचा संभव असे.

शेतकरी मात्र या संपर्कजालाच्या बाहेर राहिला. लिव्हरपूलचा भाव मुंबईला व मुंबईचा भाव खामगावला कळत असे. परंतु रात्रभर बैलगाडी हाकून बाजारात आलेल्या शेतकऱ्याला तो अडत्याच्या तोंडूनच ऐकावा लागे. देशातील अनेक बाजारांत हत्ता ही पद्धत रूढ होती. तीत खरेदीदार व अडत्या उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटे दाबीत. किती बोटे धरली यावरून आकडा समजे आणि तो रुपयांचा की आण्यांचा, हे प्रसंगावरून ओळखले जाई. एका खरेदीदाराचा भाव दुसऱ्यास न कळता बोलणी व्हावीत व कोणाचा पाणउतारा होऊ नये, हा या पद्धतीतील शिष्टाचार होता. ज्याचा माल विकला जात असे, तो शेतकरी मात्र शेजारी उभा असूनही त्या बोलण्यात सहभागी नसे. याखेरीज हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा नावांनी पट्टीतून रकमा कापल्या जात. रूढीने चालत आलेल्या असल्यामुळे त्यांविषयी विचारणा करणे हेच असभ्यपणाचे समजले जाई.

ही स्थिती सुधारण्यासाठी करण्यात आलेल्या कायद्यांचा प्रारंभ वऱ्हाडातच झाला. हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशान्वये १८८६ मध्ये कारंजा (सध्या वाशीम जिल्हा) येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला. त्यानंतर १८९७ मध्ये ‘वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा’ करण्यात आला. बाजारासाठी जागा ठरविणे, बाजार समिती नेमणे, दलाल व तोलणारे यांना परवाने देणे, वजनमापे तपासणे व अनधिकृत आकारणीस मनाई करणे, ही त्याची मुख्य अंगे होती. समितीत शेतकऱ्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नव्हते, हा त्यातील मोठा दोष होय. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडातील या प्रयोगाची दखल घेऊन नियंत्रित बाजारांचा सर्व प्रांतांत प्रसार करावा, अशी शिफारस केली. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विनियमन) अधिनियम, १९६३ अन्वये स्थापन झालेल्या बाजार समित्यांत उत्पादकांचे प्रतिनिधी बहुसंख्य असतात. उघड लिलाव हा विक्रीचा नियम झाला आणि उपरण्याखालचा भाव मोठ्याने पुकारला जाऊ लागला. हंगामातील पहिल्या गाडीची पूजा करून ती आणणाऱ्या शेतकऱ्याचा शेला-नारळ देऊन सत्कार करण्याची प्रथा वऱ्हाडातील बाजारांत आढळते. जुन्या मुहूर्ताच्या खरेदीत शेतकऱ्याला मिळालेले हे मानाचे स्थान होय.

लेखी शब्द व कायदा : बोललेला शब्द पाळणे हा व्यापाऱ्याचा धर्म मानला जात असला, तरी तंटा उद्‌भवल्यास लेखी पुरावाच उपयोगी पडतो. परंतु लेख एकाच पक्षाला वाचता येत असेल, तर तोही अन्यायाचे साधन बनतो. वऱ्हाडाबाहेर पुणे व अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत १८७५ मध्ये झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या दप्तरातील कर्जरोख्यांवर होता, तो याच कारणाने. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांच्या कर्जरोख्यांची ग्रामनिबंधकापुढे नोंदणी करण्याची तरतूद केली.

करार नेमका केव्हा व कोठे पूर्ण होतो, हा व्यापारी संदेशवहनातील कूट प्रश्न आहे. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या चौथ्या कलमानुसार स्वीकृतीचे पत्र टपालात पडले, की प्रस्ताव करणाऱ्यावर ते बंधनकारक होते. स्वीकारणाऱ्यावर मात्र ते प्रस्तावकाला कळल्यानंतर बंधनकारक होते. दूरध्वनीवरील सौद्याला हा नियम कसा लावावा, याचा निर्णय वऱ्हाडातीलच एका सौद्याच्या निमित्ताने झाला. अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी १९५९ मध्ये खामगावच्या एका गिरणीकडे सरकीची पेंड दूरध्वनीवरून मागविली व गिरणीने होकार दिला. पुढे माल न मिळाल्याने दावा झाला. होकार खामगावात उच्चारला गेला व अहमदाबादेत ऐकला गेला. मग करार कोठे झाला, असा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने दिलेल्या निर्णयानुसार दूरध्वनीवरील बोलणे समक्ष बोलण्यासारखे असून होकार जेथे ऐकला जातो तेथे करार होतो. न्या. हिदायतुल्ला यांचे मत भिन्न होते. होकार उच्चारून तो मार्गस्थ करताच, म्हणजे खामगावातच, करार पूर्ण झाला, असे त्यांनी मानले. सारांश, बोलणाऱ्याने काय म्हटले, यापेक्षा ऐकणाऱ्याला ते पोहोचले की नाही, याला दूरध्वनीच्या व्यवहारात महत्त्व आले. दूरध्वनीवर ठरलेला सौदा त्याच दिवशी पत्राने पक्का करण्याचा जो शिष्टाचार व्यापाऱ्यांत आहे, त्याचे प्रयोजन यावरून ध्यानात येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये नंतर समाविष्ट झालेल्या कलम १०-क अन्वये केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला, एवढ्याच कारणाने करार निरर्थक ठरत नाही.

आधुनिक व्यापारी पत्र : पेढीचे नाव व पत्ता, दिनांक, जावक क्रमांक, पत्र घेणाऱ्याचे नाव व पत्ता, विषय, संदर्भ, मायना, मजकूर, समारोप, स्वाक्षरी व सहपत्रांची नोंद, ही आधुनिक व्यापारी पत्राची अंगे होत. ‘राजमान्य राजेश्री’च्या जागी ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ व ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ आणि ‘लोभ असावा’ याऐवजी ‘आपला विश्वासू’ हे उपचार आले. वय, जात व अधिकार यांनुसार बदलणारे मायने मागे पडून सर्वांस एकच मायना लागू झाला, हा या बदलातील सामाजिक आशय होय. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे आणि भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) तयार केलेल्या कोशांमुळे मराठी कार्यालयीन पत्रव्यवहाराला निश्चित परिभाषा लाभली.

चांगल्या व्यापारी पत्रात एका वेळी एकच विषय असावा. माल, प्रत, नग, वजन, भाव, पोहोचविण्याचे ठिकाण, मुदत व पैसे देण्याची रीत यांपैकी काहीही गृहीत धरू नये. तक्रार मालाविषयी करावी, माणसाविषयी करू नये. नकार द्यावयाचा असल्यास तो विलंब न लावता कळवावा, असे सर्वसाधारण संकेत आहेत. यांपैकी शेवटचा संकेत सर्वांत अधिक मोडला जातो. उत्तर न देणे म्हणजे सौम्य नकार, असे एक पक्ष समजतो, तर दुसरा पक्ष त्याच विश्वासावर माल राखून ठेवतो व हंगाम गमावतो. ई-पत्र व भ्रमणध्वनीवरील संदेश यांनी वेग वाढविला असला, तरी हे संकेत बदललेले नाहीत. घाईने पाठविलेला संदेश परत घेणे पत्रापेक्षा अवघड असल्याने त्यांचे महत्त्व उलट वाढले आहे.

ओळखीचे जाळे : परस्परपरिचय ही व्यापाराची एक प्रकारची भांडवली गुंतवणूकच होय. पूर्वी ती जात, गाव व नातेसंबंध यांच्या मर्यादेत राही आणि त्याबाहेरील होतकरू माणसाला पेढीच्या पायरीवरच थांबावे लागे. वाणिज्यमंडळांनी ही मर्यादा काही प्रमाणात ओलांडली. मुंबईतील इंग्रज व्यापाऱ्यांचे वाणिज्यमंडळ १८३६ मध्ये, तर वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र वाणिज्यमंडळ १९२७ मध्ये स्थापन झाले. नामपत्रिकांची देवघेव, परिचयाची पत्रे, वार्षिक मेळावे हे अशा संपर्काचे आजचे उपचार होत. जपानमध्ये नामपत्रिका दोन्ही हातांनी द्यावयाची व घेताच वाचावयाची असते. न वाचता खिशात घालणे हा अनादर समजला जातो. ओळख ही मागण्यापूर्वी द्यावयाची गोष्ट आहे, हे तत्त्व मात्र सर्वत्र समान आहे. ज्याने दुसऱ्याच्या उपयोगी पडून ती जोडली, त्याचीच शिफारस बाजारात चालते.

मेळघाटातील व्यवहार : व्यापारी संकेतांची अपरिचितता किती महाग पडते, हे वऱ्हाडच्या उत्तरेकडील मेळघाटात विशेष जाणवते. सातपुड्याच्या गाविलगड डोंगरातील चिखलदरा हे ठिकाण १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनच्या निदर्शनास आले व पुढे थंड हवेचे ठिकाण म्हणून विकसित झाले. भोवतालच्या प्रदेशातील कोरकू लोकांची भाषा मुंडा गटातील असून तिचा मराठी-हिंदीशी कौटुंबिक संबंध नाही. चिखलदरा व धारणी तालुक्यांतील आठवडी बाजारांत कोरकू, वऱ्हाडी व हिंदी यांच्या मिश्रणातून बोलणी होतात. मोहफुले, चारोळी, मध यांसारखी वनोपजे घेऊन येणारा माणूस माप व भाव या दोन्ही बाबतींत व्यापाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राही. महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळाची स्थापना (१९७२) आणि आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी केलेला १९७६ चा अधिनियम यांमागे ही परिस्थिती होती. त्यांत सरकारी यंत्रणा आदिवासींच्या वतीने खरेदीदार झाली. स्वतः सौदा करण्याची क्षमता मात्र त्यामुळे आपोआप येणार नव्हती.

वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळू लागल्यावर ही क्षमता प्रत्यक्ष उपयोगात येऊ लागली. मेळघाटच्या पायथ्याजवळील पायविहीर या कोरकू वस्तीच्या गावाने मिळालेल्या वनाचे रक्षण करून तेथील सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने बाजारात आणली. २०१४ मध्ये या गावाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा जैवविविधता पुरस्कार मिळाला. ग्रामसभा स्वतः विक्रेता झाली, की ठराव लिहिणे, भाव मागविणे, मालाची प्रत ठरविणे व हिशेब सर्वांसमोर वाचणे, ही कामे तिच्याकडे येतात. व्यापारी शिष्टाचाराची जी अंगे पूर्वी पेढीच्या आत शिकविली जात, ती अशा गावांत सभेपुढे उघडपणे शिकली जात आहेत.